आकाश एवढं मोठं, मग कक्षेसाठी ही रेटारेटी कशाला?

प्रश्न असा आहे: पृथ्वीभोवतीची जागा अफाट असताना इंटरनेट उपग्रहांवरून अमेरिका, चीन आणि युरोप यांच्यात एवढी चढाओढ का लागली आहे? जो आधी पोचेल त्याची कक्षा, असा काही नियम आहे का? आणि टकरींची भीती खरी की वाढवून सांगितलेली? उपग्रहांच्या कक्षा सांभाळणं आणि टकरीचे इशारे तपासणं यातच माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. ओढाताण मुळात फ्रिक्वेन्सीची आहे, जागेची नंतर. टकरीची भीती खरी आहे, पण वर उपग्रह किती आहेत यापेक्षा त्यांचे मालक एकमेकांना काय आणि किती वेळेवर सांगतात, यावर ती जास्त अवलंबून आहे. ज्या दोन देशांचे ताफे सगळ्यात मोठे होणार आहेत, त्या अमेरिका आणि चीन यांच्यातच नेमका संवाद तुटपुंजा आहे. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

पूर्वी उपग्रहाचं इंटरनेट म्हणजे भूस्थिर कक्षा, विषुववृत्तावर 35,786 किमी उंच. तिथला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी दिसतो, त्यामुळे तीन उपग्रहांत बहुतेक जग झाकता येतं. पण सिग्नल वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद लागतो, आणि समोरच्याचं उत्तर यायला आणखी तेवढाच. फोनवर दोघं एकदमच बोलायला लागतात ते यामुळे. उपग्रह 550 किमीवर आणला की हा उशीर जवळपास नाहीसा होतो. मोबदल्यात संख्या वाढवावी लागते. खालच्या उपग्रहाला जमिनीचा छोटासा तुकडाच दिसतो, आणि सेकंदाला साडेसात किमीहून अधिक वेगाने तो काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. एक गेला की दुसरा हजर हवा. म्हणून शेकडो, आणि गिऱ्हाईक वाढलं की हजारो.

आता जागेचा हिशेब. 550 किमी उंचीवरच्या गोलाचं क्षेत्रफळ सुमारे 60 कोटी चौरस किमी भरतं. त्यावर 10 हजार उपग्रह पसरले तर प्रत्येकाच्या वाट्याला 60 हजार चौरस किमी येतात. हे ऐकून कुणीही म्हणेल, मग गर्दी कसली? पण यातलं काहीच स्थिर नाही. प्रत्येक उपग्रह दिवसाला साडेसहा लाख किमी धावतो. समजा सगळे एकाच पातळ थरात आहेत आणि कुणी कुणाशी ताळमेळ ठेवलेला नाही. मग प्रत्येक उपग्रह दिवसातून वीसहून जास्त वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी एक किमीच्या आत येईल. हे प्रत्यक्षात होत नाही, कारण एका मालकाचे उपग्रह कवायतीसारखे बांधलेले असतात: ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या अंतराने. अडचण येते ती दोन वेगवेगळ्या मालकांचे ताफे एकाच थरात शिरतात किंवा एकमेकांचे थर ओलांडून जातात तेव्हा. म्हणजे संपत चालली आहे ती कवायत करता येईल अशी जागा. मोकळी पोकळी भरपूर आहे, पण तिचा उपयोग नाही.

नियमांबद्दल बऱ्याच जणांचा एक समज चुकीचा असतो. खालच्या कक्षेत कोणती उंची कुणी वापरायची, हे ठरवणारी एकही जागतिक संस्था नाही. 1967 च्या अंतराळ कराराने एवढंच सांगितलं की अंतराळाच्या कुठल्याही भागावर कुणा देशाला मालकी सांगता येणार नाही. जिनिव्हातल्या आयटीयूकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे, नोंद होते ती फ्रिक्वेन्सीची. तिथे कंपनी स्वतः अर्ज करू शकत नाही, तिच्या वतीने देश करतो. ज्याचा अर्ज आधी त्याचा अग्रक्रम. मागून येणाऱ्याने आधीच्याशी समन्वय करायचा आणि त्याला अडथळा होणार नाही असं दाखवायचं.

हा अग्रक्रम एवढा मोलाचा का, ते जमिनीवरच्या अँटेनाच्या जागी उभं राहिलं की कळतं. तुमची अँटेना एका उपग्रहाकडे रोखलेली आहे आणि त्याच रेषेत, त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलणारा दुसऱ्या ताफ्याचा उपग्रह आला. दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. त्या क्षणी कुणीतरी बाजूला व्हावं लागतं: दुसऱ्या उपग्रहावर उडी मारायची, फ्रिक्वेन्सीचा पट्टा वाटून घ्यायचा किंवा गप्प बसायचं. ताफे मोठे झाले की असे क्षण सतत येतात, आणि दर वेळी माघार कुणी घ्यायची हे अर्जाच्या तारखेवर बरंचसं ठरतं. केयू आणि केए हे दोन पट्टे इंटरनेटसाठी सगळ्यात सोयीचे आहेत आणि तिथेच सगळ्यांची गर्दी आहे. शिवाय भूस्थिर उपग्रहांना त्रास होणार नाही, ही अट सगळ्यांनाच.

तारखेला एवढं महत्त्व म्हटल्यावर लोक रुमाल टाकून ठेवणारच. हे जुनंच आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी टोंगा या छोट्याशा देशाने भूस्थिर कक्षेतल्या 16 जागांसाठी अर्ज टाकले आणि खळबळ माजली होती. 2021 मध्ये रवांडाच्या नावाने 3 लाख 27 हजार उपग्रहांचा अर्ज गेला. डिसेंबर 2025 च्या अखेरीस चीनकडून सुमारे 2 लाख उपग्रहांचे अर्ज दाखल झाले. यातले बहुतेक कधी उडणार नाहीत. हे आकडे बातमीत वाचून घाबरायचं कारण नाही, पण ते बिनकामाचे आहेत असंही नाही. मागून येणाऱ्याला वाटाघाटीच्या टेबलावर बसवण्याची ताकद त्यांच्यात आहे.

कागदी उपग्रहांना आळा घालायला 2019 मध्ये शर्म अल शेख इथल्या जागतिक रेडिओ परिषदेत टप्पे ठरले. अर्जानंतर सात वर्षांत निदान एक उपग्रह वर हवा. त्यापुढे दोन वर्षांत ताफ्याचा 10 टक्के भाग, पाच वर्षांत 50 टक्के, सात वर्षांत पूर्ण. जमलं नाही तर हक्क तेवढ्या प्रमाणात कापला जातो. हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला की ज्यांनी मोठे अर्ज टाकले होते त्यांच्यामागे घड्याळ लागलं. चीनने सप्टेंबर 2020 मध्ये 12,992 उपग्रहांचा अर्ज टाकला, तोच आजचा ग्वोवांग प्रकल्प. त्याचा पहिला गट डिसेंबर 2024 मध्ये उडाला. या टप्प्यांनुसार 2030 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातले निम्मे वर हवेत. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ॲमेझॉनच्या इंटरनेट उपग्रहांनाही तशीच अट घातली होती: 3,236 पैकी निम्मे जुलै 2026 पर्यंत. सध्या उड्डाणांची जी घाई दिसते त्यामागे गिऱ्हाइकांची मागणी आहेच, पण या मुदतीही आहेत.

पण नुसत्या फ्रिक्वेन्सीसाठी देशांनी एवढे पैसे ओतले नसते. खरा धक्का 2022 मध्ये बसला. 24 फेब्रुवारीला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं आणि त्याच सुमारास व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह-इंटरनेट जाळ्यावर सायबर हल्ला होऊन हजारो मोडेम निकामी झाले. दोन दिवसांत स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं स्टारलिंक हे उपग्रह-इंटरनेट तिथे सुरू झालं आणि पुढे सैन्यालाही त्याचा आधार झाला. एका खासगी कंपनीचं जाळं युद्धात काय करू शकतं हे सगळ्या राजधान्यांनी पाहिलं, आणि ते चालू-बंद करण्याची कळ आपल्या हातात नाही हेही पाहिलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये वनवेब या ब्रिटिश कंपनीचे 36 इंटरनेट उपग्रह कझाकस्तानातल्या बायकोनूरला, रशियाच्या प्रक्षेपण तळावर, रॉकेटवर चढवून तयार होते. ब्रिटिश सरकारने कंपनीतला आपला हिस्सा विकावा आणि उपग्रह लष्करी कामाला वापरणार नाही अशी हमी द्यावी, अशी अट रॉसकॉसमॉस या रशियन अंतराळ संस्थेने घातली. ब्रिटनने नकार दिला. रॉकेट उतरवलं गेलं आणि उपग्रह तिकडेच अडकले. पुढे वनवेबने राहिलेली उड्डाणं स्पेसएक्स आणि इस्रो यांच्यात वाटली. इस्रोच्या एलव्हीएम-3 रॉकेटने ऑक्टोबर 2022 आणि मार्च 2023 मध्ये 36-36 उपग्रह वर नेले. माझ्या मते ही घटना स्टारलिंकच्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठी आहे. नुसते उपग्रह असून भागत नाही, ते नेणारं रॉकेटही भरवशाचं हवं, हे तेव्हा सगळ्यांना उमगलं. युरोपने डिसेंबर 2024 मध्ये आयरिस-स्क्वेअर या स्वतःच्या ताफ्याचा करार केला: सुमारे 290 उपग्रह, 10.6 अब्ज युरो. व्यवहाराच्या नजरेने हा आकडा महाग वाटतो. स्वतःची कळ स्वतःच्या हातात ठेवण्याची किंमत म्हणून पाहिला तर समजतो.

रॉकेटच्या बाबतीत दरी मोठी आहे. स्टारलिंकचा 60 उपग्रहांचा पहिला मोठा गट मे 2019 मध्ये गेला, आणि ऑक्टोबर 2025 पर्यंत त्यांनी 10 हजारांवर उपग्रह सोडले होते. त्यातले 8 हजारांहून अधिक काम करत होते. 2025 मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-9 रॉकेटची 150 हून अधिक उड्डाणं झाली. चीनची सगळ्या कामांची मिळून शंभराच्या आत. फरक रॉकेटचा पहिला, म्हणजे खालचा टप्पा परत उतरवून पुन्हा वापरण्याचा आहे. डिसेंबर 2025 मध्ये चीनची झुच्वे-3 आणि लाँग मार्च-12ए ही दोन रॉकेटं कक्षेत पोचली, पण दोघांचाही पहिला टप्पा नीट उतरला नाही. तो उतरायला लागला की ग्वोवांग आणि शांघायच्या च्येनफान प्रकल्पाचा वेग एकदम वाढेल. तो दिवस फार लांब नाही असं मी धरून चालतो.

आता टकरींकडे येतो.

टकरीचा इशारा म्हणजे एक साधी मजकूर-फाइल असते. दोन वस्तूंचे क्रमांक, सगळ्यात जवळ येण्याची वेळ सेकंदाच्या भागापर्यंत, अंतर, सापेक्ष वेग, आणि खाली आकड्यांची एक चौकट, जी सांगते की या अंदाजावर किती विश्वास ठेवायचा. नवखा माणूस आधी अंतर पाहतो. अनुभवी माणूस आधी ती चौकट पाहतो. 200 मीटर अंतर आणि अंदाजातली चूक 20 मीटर असेल तर मी निवांत असतो. अंतर एक किमी आणि चूक दोन किमी असेल तर नाही. उंचीचा अंदाज सहसा चांगला असतो, चूक वाढते ती धावण्याच्या दिशेने. वरची विरळ हवा सूर्याच्या लहरीप्रमाणे कमीजास्त दाट होते आणि वस्तू ठरल्यापेक्षा काही क्षण आधी किंवा नंतर पोचते. त्या वेगात एक सेकंद म्हणजे साडेसात किमी.

टकरीची शक्यता दहा हजारात एक याच्या वर गेली की बरेच चालक उपग्रह हलवतात. स्टारलिंकने स्वतःसाठी याहून खूप कडक मर्यादा ठेवली आहे आणि त्यांचे उपग्रह निर्णय आपोआप घेतात. डिसेंबर 2024 ते मे 2025 या सहा महिन्यांत त्यांनी 1 लाख 44 हजारांहून अधिक वेळा बगल दिली. हा आकडा वाचून ताफा बेफाम झालाय असं काहींना वाटतं. मला तो काळजीपूर्वक चालवलेला ताफा दिसतो. पण त्याची दुसरी बाजू शेजाऱ्याला भोगावी लागते. हे उपग्रह आयन इंजिनावर थोडे थोडे सतत हलत असतात. रडारने सकाळी पाहिलेल्या जागेवरून संध्याकाळची जागा काढायला गेलात तर ती चुकते. ते पुढे कुठे असतील हे फक्त त्यांच्या मालकालाच नीट ठाऊक असतं. स्टारलिंक हे पुढचे मार्ग उघडपणे देतं आणि दिवसातून अनेकदा ताजे करतं. त्यांच्या इतर कितीतरी गोष्टींवर मी टीका करेन, पण हे काम त्यांनी चोख केलं आहे. असं सगळ्यांनी केलं पाहिजे.

न बोलण्याने काय होतं याची उदाहरणं आहेत. सप्टेंबर 2019 मध्ये युरोपच्या एओलस या वारे मोजणाऱ्या उपग्रहाला एका स्टारलिंकपासून बाजूला व्हावं लागलं. शक्यता वाढल्याचा निरोप स्पेसएक्सच्या ड्यूटीवरच्या माणसापर्यंत पोचलाच नाही, त्यांच्या निरोप-यंत्रणेत दोष होता. डिसेंबर 2021 मध्ये चीनने संयुक्त राष्ट्रांना कळवलं की त्याच वर्षी जुलै आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या तियांगोंग अंतराळ स्थानकाला स्टारलिंकमुळे दोनदा मार्ग बदलावा लागला. अमेरिकेचं उत्तर आलं की धोक्याची ठरलेली पातळी ओलांडलीच नव्हती. स्थानकात माणसं आहेत, पलीकडचा उपग्रह पुढे काय करणार हे कळत नाही, अशा वेळी बाजूला होणं हाच शहाणपणा. मी त्या खुर्चीत असतो तर तेच केलं असतं.

डिसेंबर 2025 मध्ये उलटं झालं. चीनच्या च्यूछ्वान प्रक्षेपण तळावरून निघालेल्या एका व्यावसायिक चिनी रॉकेटने सोडलेला उपग्रह 560 किमी उंचीवर एका स्टारलिंकपासून सुमारे 200 मीटरवरून गेला. स्पेसएक्सचं म्हणणं, आम्हाला काहीच कळवलं नव्हतं. रॉकेट कंपनीचं म्हणणं, उड्डाणाची वेळ आम्ही तपासूनच निवडली होती, आणि हा प्रसंग उपग्रह सुटल्यानंतर जवळजवळ 48 तासांनी घडला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील. रॉकेटवाल्याचं काम संपलं, उपग्रहाच्या मालकाने आपला मार्ग अजून कुणाला सांगितलेला नाही, आणि मधले दोन दिवस ती वस्तू कुणाचीच नाही. हे मधले दिवस नियमांत कुठेच नीट बसवलेले नाहीत.

चांगलंही घडलं आहे. नासाला चीनशी थेट सहकार्य करण्यावर अमेरिकी कायद्याने 2011 पासून बंधनं घातली आहेत. तरी ऑक्टोबर 2025 मध्ये सिडनीच्या अंतराळ परिषदेत नासाच्या अधिकाऱ्याने सांगितलं की चीनच्या अंतराळ संस्थेने पहिल्यांदाच स्वतःहून संपर्क साधला: आपले उपग्रह जवळ येत आहेत, तुम्ही जागेवर राहा, आम्ही हलतो. एवढा एक निरोप. या कामातल्या माणसाला त्याचं मोल लगेच कळतं, कारण दोघांनी एकमेकांना न सांगता एकाच वेळी बगल दिली तर ते नेमके समोरासमोर येऊ शकतात.

आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत मागे पडते: उंची. 550 किमीवर मेलेला उपग्रह हवेच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येऊन जळतो. 1,000 किमीच्या वर तोच शतकानुशतकं फिरत राहतो. च्येनफानचे उपग्रह 1,000 किमीच्या वर आहेत, ग्वोवांगच्या अर्जातला मोठा भागही तिथलाच. ऑगस्ट 2024 मध्ये च्येनफानचे पहिले 18 उपग्रह सोडल्यावर लाँग मार्च-6ए चा वरचा टप्पा 800 किमीच्या आसपास फुटला आणि 300 हून अधिक तुकडे रडारवर दिसले. त्याच जातीच्या रॉकेटचा टप्पा नोव्हेंबर 2022 मध्येही असाच फुटला होता. हजारो उपग्रह न्यायचे म्हणजे शेकडो उड्डाणं, आणि प्रत्येक उड्डाणाचा वरचा टप्पा जर 800 किमीवर सोडून द्यायचा असेल, तर तो ढीग पुढच्या पिढ्यांनाही उपसता येणार नाही. चीनच्या ताफ्याला माझा विरोध नाही, स्वतःचं जाळं उभारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. विरोध आहे तो या टप्प्यांना.

स्टारलिंकने जानेवारी 2026 मध्ये जाहीर केलं की 550 किमीच्या आसपासचे सुमारे 4,400 उपग्रह वर्षभरात 480 किमीपर्यंत खाली आणणार. सूर्य शांत होत जाणार आहे, वरची हवा विरळ होईल आणि मेलेले उपग्रह जास्त काळ रेंगाळतील, म्हणून हा निर्णय योग्य वेळी घेतला आहे. खाली येण्याचा धोकाही आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये सौर वादळाने हवा फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या 49 पैकी 38 उपग्रह परत कोसळले. पण ते जळून गेले, कुणाच्या वाटेत राहिले नाहीत. नुकसान फक्त कंपनीचं झालं.

वर काय होतं ते 10 फेब्रुवारी 2009 ला दिसलं. सायबेरियावर सुमारे 790 किमी उंचीवर इरिडियम-33 हा चालू अमेरिकी दळणवळण उपग्रह आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस-2251 एकमेकांवर आदळले. दोन हजारांहून अधिक तुकडे नोंदवले गेले आणि त्यातले कितीतरी आजही माझ्या इशाऱ्यांत येतात. त्या दिवसाच्या सार्वजनिक अंदाजात ही जोडी 584 मीटर अंतरावरून जाणार होती. यादीतली ती सगळ्यात धोक्याची जोडीसुद्धा नव्हती.

तेव्हा 'कोण जिंकणार' याचं उत्तर मी असं देईन. संख्येत पुढची काही वर्षं अमेरिकाच पुढे राहील. चीन दुसरा असेल आणि त्याला गिऱ्हाईक मिळेल, कारण आपल्या हद्दीतल्या इंटरनेटवर ताबा हवा असणाऱ्या सरकारांना स्टारलिंक नको आहे. परवानगीशिवाय चाललेल्या टर्मिनलांवरून इराणने आयटीयूकडे तक्रार नेली तेव्हा तिथल्या नियामक मंडळाचं मत इराणच्याच बाजूने गेलं. उरलेल्या देशांकडे स्वतःचे ताफे नसतील, पण परवाना देण्याचा अधिकार आहे, आणि तो फार मोठा आहे. जमिनीवरच्या टर्मिनलला परवाना देताना कुठलाही देश अट घालू शकतो: पुढचे मार्ग रोज उघड करा, निकामी उपग्रह पाच वर्षांच्या आत खाली आणा, वरचा टप्पा कक्षेत सोडू नका. एफसीसीने पाच वर्षांची अट 2022 मध्ये घातलीच आहे. बाजार हवा असेल तर कंपन्या ऐकतात, मग त्या कुठल्याही देशाच्या असोत.

पुढची जागतिक रेडिओ परिषद 2027 मध्ये शांघायला आहे. तिथे बोलणं फ्रिक्वेन्सीचंच होईल, कारण परिषदेचा अधिकार तेवढाच. पण ज्यांना टकरींची चिंता आहे त्यांनी परवान्याच्या अटी त्याआधीच लिहायला घ्याव्यात. तोवर कुठल्याही उड्डाणाची बातमी आली की मी उपग्रहांचा आकडा नंतर वाचतो. आधी पाहतो, किती उंचीवर सोडले, आणि वरचा टप्पा खाली आणला का.